आईच्या तोंडून

बटाटे अजून जमिनीत होते, पाऊस जायचं नाव घेत नव्हता, आणि नेमक्या त्याच आठवड्यात करवत्याच्या मुलाखतीची तारीख आली.

सगळा गाव त्याला करवत्याच म्हणायचा. मिसरूड फुटायच्या आधीपासून तो लाकडाच्या गिरणीत मोठ्या करवतीवर उभा होता. ओंडका ढकलायचा, फळी ओढायची, भुसा झटकायचा. करवतीनं त्याला नाव दिलं आणि कान घेतले. डावा तर पार गेलेला. उजव्याशी तोंड नेऊन जोरात बोललं तर निम्मं कळायचं, उरलेलं तो बोलणाऱ्याच्या ओठांवरून जुळवून घ्यायचा. शाळेशी त्याचं फारसं जमलं नव्हतं, त्यामुळे लिहिलेलंही एकेक अक्षर जोडत वाचायचा.

त्याची बायको परदेशात होती. म्हाताऱ्या माणसांना सांभाळायच्या एका मोठ्या घरात ती कामाला होती. उठवायचं, बसवायचं, आंघोळ घालायची, भरवायचं. तिथं तिचा जम बसला आणि तिनं नवऱ्याला बोलावून घ्यायचा अर्ज केला. तिकडच्या सरकारचं म्हणणं एकच, हे लग्न खरं आहे, नुसतं व्हिसासाठी केलेलं नाही, हे दाखवा. तिची मुलाखत फोनवर होऊन गेली होती. आता त्याची होती, शहरातल्या ऑफिसात, समोरासमोर.

बाजाराच्या गावात झेरॉक्सच्या दुकानाच्या माळ्यावर व्हिसाचा एजंट बसायचा. त्यानं दोघा मायलेकांना समोर बसवलं.

"भाऊ, एक लक्षात ठेवा. कानाबद्दल अवाक्षर काढायचं नाही. बहिरा माणूस कोण कशाला घेईल देशात?"

करवत्या त्याच्या ओठांकडे बघत होता. आईनं त्याच्या कानाशी तेच ओरडून सांगितलं.

"आणि प्रश्न ऐकूच आला नाही तर?" आईनं एजंटाला विचारलं.

"अंदाज करायचा, मावशी. सगळे लग्नाचेच तर प्रश्न असतात."

मग दोन दिवस रानात तयारी चालली. करवत्या गिरणीतून अर्ध्या रजेवर येऊन कुदळीनं वरंबे फोडायचा आणि आई त्याच्या मागून उकिडवी सरकत बटाटे वेचायची. माती इतकी चिकट की बटाटा कुठला आणि ढेकूळ कुठलं ते हातात घेतल्यावर कळायचं. दर चार-दोन बटाट्यांमागे एकात तिची बोटं रुतायची आणि आंबूस वास यायचा. ती तो बांधावर भिरकावून द्यायची आणि हात पदराला पुसून लेकाच्या उजव्या बाजूला यायची.

"तिच्या खोलीत सोबत कोण राहतं?"

"कोण?"

"अरे मी तुला विचारतेय! दुसरी एक बाई राहते, स्वयंपाकघरात काम करणारी. म्हण."

"दुसरी बाई. स्वयंपाकघरातली."

"कामावर कशानं जाते?"

"बसनं."

"सायकलनं! बस मागेच सोडली तिनं."

"मला कधी सांगितलंस?"

आई पुढच्या सरीत गेली. फोन तिच्याकडे असायचा. सून रोज दुपारी सासूला फोन लावायची, कारण नवऱ्याला लावून उपयोग नव्हता. तो नुसता "हॅलो, हॅलो" ओरडत राहायचा आणि रडकुंडीला यायचा. सासूसुनेचं बोलणं निवांत चालायचं. हसणं व्हायचं, मधेच कुजबुज व्हायची. मग आई करवत्याकडे येऊन सांगायची, "बरी आहे. जेवली. थंडी आहे म्हणाली." अख्ख्या बोलण्याचं एवढंच त्याच्या वाट्याला यायचं, आणि तो मान हलवून कामाला लागायचा.

शहरात ते भर दुपारी पोचले. ऑफिसच्या दाराशी पहारेकऱ्यानं आईला अडवलं.

"फक्त अर्जदार."

"मी त्याची आई आहे."

"मावशी, सगळ्यांना आई असते. बाहेर बसा."

आत काचेच्या खिडक्या होत्या. त्याच्या खिडकीमागं चष्म्यातली एक बाई बसली होती, आणि तिच्या तोंडासमोर नेमका कॉम्प्युटरचा पडदा होता. कपाळ दिसत होतं, चष्मा दिसत होता, ओठ दिसत नव्हते. आवाज एका डब्यातून खरखरत येत होता. करवत्या काचेला उजवा कान लावायला वाकला तेव्हा बाईनं हातानं मागं सरकायची खूण केली.

लग्न कुठं झालं, कोण कोण होतं, बायको काय काम करते, इतपत त्यानं ओढून नेलं. शब्द सुटला की मागचा पुढचा अंदाज. सायकल त्यानं न विचारताच सांगून टाकली. मग बाईनं काहीतरी विचारलं आणि त्याला फक्त खरखर आली.

"हो," तो म्हणाला.

बाईनं डोकं पडद्याच्या बाजूला काढलं आणि पुन्हा विचारलं. या वेळी आवाज वाढवून. मागं रांगेत बसलेल्यांनीही माना वर केल्या.

"तुमच्या बायकोचं मागच्या वर्षी ऑपरेशन झालं. कशाचं?"

हे त्याला स्वच्छ ऐकू आलं.

"तिचं नाही झालं," तो म्हणाला. "दुसऱ्या कुणाचं असेल. बघा बरं."

"तुमच्याच बायकोचं."

"ती बरी आहे. कालच फोन होता. जेवली म्हणाली."

मागं कुणीतरी हसलं. बाई हसली नाही. तिनं थोडा वेळ टाईप केलं आणि विचारलं, "मुलांबद्दल दोघांनी काय ठरवलंय?"

"मी तिकडं गेलो की होतील," करवत्या म्हणाला, आणि या एका उत्तराबद्दल त्याला खात्री वाटली. बाईनं त्याच्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं, मग पुन्हा टाईप करायला लागली.

बाहेर आई समोरच्या एसटी स्टँडच्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. त्यानं तिला झालं ते सांगितलं. म्हणाला, त्यांचे कागद बदललेत कुठंतरी, ऑपरेशन म्हणे. आईचा चेहरा उतरला. तिनं आजूबाजूला बघितलं. गाड्या घरघरत होत्या, शेंगावाला ओरडत होता, शेजारी एक कुटुंब डबा उघडून बसलं होतं. ती त्याच्या कानाशी लागून हळू काहीतरी बोलली.

"काय?"

ती पुन्हा बोलली. त्यानं कपाळाला आठ्या घातल्या. "मोठ्यानं बोल ना!"

"पिशवी काढली तिची!" आई ओरडली. "गाठ झाली होती, म्हणून गर्भाची पिशवी काढली!"

शेजारच्या कुटुंबाचा घास हातात राहिला. करवत्या आईच्या तोंडाकडे बघत होता, जणू ओठ काही वेगळं बोलले असतील.

"तुला माहीत होतं?"

आईनं मान डोलावली.

"कधीपासून?"

"तेव्हापासूनच."

गाडी आली. दोघं चढली. तो खिडकीशी बसला आणि त्यानं उजवा कान काचेकडे केला, म्हणजे आईकडे डावा राहिला. घरी पोचेपर्यंत तिनं एकदोनदा तोंड उघडलं आणि मिटलं.

त्यानंतर तो तिच्याशी बोलेना. पुढ्यात आलेलं जेवायचा, गिरणीत जायचा, तिथून रानात. पावसात उघडाच कुदळ मारत सुटायचा, त्या भरात बटाटे चिरायचे, आणि चिरलेला बटाटा कुणी घेत नाही हे त्याला आईपेक्षा चांगलं माहीत होतं. आई मागून गुपचूप वेचत राहायची. दुपारी फोन वाजला की ती रानातल्या झोपडीत जाऊन बोलायची. बाहेर आली की तिचे डोळे लाल असायचे, पण "बरी आहे, जेवली" हेसुद्धा तिच्या तोंडून निघायचं नाही. एकदा तिनं फोन त्याच्यापुढं धरला. त्यानं मातीचे हात दाखवले आणि पाठ फिरवली.

ऑफिसचं पत्र आलं तेव्हा एजंटानं दोघांना बोलावून घेतलं. उत्तरं जुळत नाहीत, नवरा-बायकोचं आपसात बोलणं असल्याचं दिसत नाही, रोजचे फोन सगळे तिसऱ्याच नंबरवर आहेत. त्यामुळे नातं खरं असल्याची खात्री पटत नाही. काही खुलासा असेल तर करा, नाहीतर अर्ज फेटाळू.

"तिसरा नंबर म्हणजे मी," आई म्हणाली.

"काळजी करू नका. आपण लिहू, की घाबरलो, विसरलो. तेवढं चालतं."

करवत्यानं हे ओठांवरून ओळखलं. स्टँडवरच्या त्या दिवसानंतर आईसमोर तो पहिल्यांदाच बोलला.

"बायकोची पिशवी काढली हे कुणी विसरतं का?"

एजंटानं पेन खाली ठेवलं. "मग काय लिहू?"

"खरं लिहा. मला ऐकू येत नाही. आणि मला सांगितलं नव्हतं."

"भाऊ, कान लिहिले तर तुम्ही आजारी माणूस म्हणून अडकाल. कान नाही लिहिले तर नवरा म्हणून अडकाल. मी आपला बरा रस्ता सांगतोय."

"मला तो रस्ता नको."

एजंट वैतागला. पण शेवटी त्यानं सांगितलं काय काय लागेल ते. कानाच्या डॉक्टरचा दाखला. गिरणीच्या मालकाचं पत्र, की हा इथं काम करतो, याचं लग्न आम्ही जाणतो आणि फोनवर बोलणं याला जमत नाही. आईचा जबाब. आणि आजपासून नवरा-बायकोनं रोज व्हिडिओवर बोलायचं, समोरासमोर, मधे कुणी नाही.

त्याच दुपारी आईनं झोपडीत बटाट्यांच्या ढिगाला टेकवून फोन उभा केला, सुनेला लावला आणि बाहेर जाऊन पाठमोरी बसली.

बायको कामाच्या कपड्यांत होती. बारीक झाली होती. तिनं एका खोक्याचा पुठ्ठा फाडून घेतला होता आणि त्यावर जाड पेननं लिहून ती पडद्यासमोर धरत होती. करवत्या अक्षरं जोडत वाचत होता आणि गिरणीत बोलावं तसा ओरडून बोलत होता.

"मला का नाही सांगितलंस?"

तिनं लिहिलं: तोंडानं सांगणार होते. समोर बसून.

"आईला बरं सांगितलंस!"

आईंना ऐकू येतं, तिनं लिहिलं, आणि लिहून झाल्यावर तिलाच ते कसंतरी वाटलं असावं, कारण तिनं पुठ्ठा पटकन खाली घेतला.

तो पडद्याजवळ सरकला. मग म्हणाला, "बघू."

तिनं खुणेनं विचारलं, काय?

"जिथं कापलं ते."

तिनं मागं वळून बघितलं, उठून दाराला कडी घातली. परत येऊन तिनं अंगातलं वर केलं आणि फोन खाली धरला. पोटावर आडवा व्रण होता, कातडीपेक्षा फिका, टाक्यांच्या जागा अजून दिसणारा. करवत्यानं नकळत बोट पुढं नेलं. मातीचा अंगठा पडद्यावर टेकला आणि फोन कट झाला.

"आई!" तो ओरडला. "गेली ती! लाव पुन्हा!"

आईनं येऊन फोन पुसला, लावून दिला आणि परत बाहेर गेली. पडद्यावर बायको डोळे पुसत हसत होती. मग तिनं नवा पुठ्ठा धरला. मूल होणार नाही. चालेल?

त्यानं ते दोनदा वाचलं. एक बटाटा उचलून त्याची माती नखानं काढत राहिला.

"मला वाईट वाटलंय," तो म्हणाला. "आणि राग आलाय. अजून गेलेला नाही."

मग?

"मग काय. उरलेला तिकडं येऊन काढतो."

गिरणीच्या मालकाकडे तो डॉक्टरचा दाखला घेऊन गेला. मालकानं उभ्याउभ्याच वाचला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. यंत्राच्या आवाजामुळे, असं तिथं लिहिलं होतं.

"हे काय रे? उद्या माझ्यावर दावा ठोकशील."

"मी कशाला ठोकू, मालक? मला जायचंय."

"जाणाराच ठोकतो. असं लिहू, की कान तुझे आधीपासूनच खराब होते. लगेच सही देतो. लग्नाचं म्हणशील तेवढं लिहितो."

करवत त्या वेळी बंद होती. भुशावर बसलेले सगळे कामगार ऐकत होते. यातल्या अर्ध्याअधिकांना घरी गेल्यावर बायकामुलांचं बोलणं दोनदा विचारावं लागायचं. करवत्यानं एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा मालकाकडे. मग दाखल्याची घडी घालून खिशात ठेवली.

"सही नको," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्याच्या करवतीवर दुसरा माणूस उभा होता. मालक हिशेबाच्या टेबलावरून मान वर न करता म्हणाला, "तू जाणारच आहेस ना." करवत्याचा डबा आणि टॉवेल कुणीतरी दाराशी आणून ठेवले होते.

आईचा जबाब एजंटानं टाईप केला आणि वाचून दाखवला. "मी सुनेच्या शस्त्रक्रियेची बाब जाणूनबुजून मुलापासून लपवून ठेवली."

"जाणूनबुजून नको," आई म्हणाली. "चोरी केल्यासारखं वाटतं."

"मावशी, असंच लिहावं लागतं."

"मग पुढं हेही लिहा. ती रडत होती. म्हणाली, आई, मी स्वतः सांगेन, तोवर शब्द द्या. मी दिला. आणि मला भीती वाटली, याच्या डोक्यात कुणी दुसऱ्या बायकोचं भरवलं तर? माझ्या घरातली लक्ष्मी आहे ती. लिहा ना, थांबलात का?"

एजंटानं पहिला भाग लिहिला. दुसरा लिहिला नाही. आईनं वाकड्यातिकड्या अक्षरांत सही केली आणि हात मांडीखाली धरून बसली.

मग एजंटानं कॉम्प्युटर त्यांच्याकडे फिरवला. "आणि हे. तुमच्या बायकोनं काल पाठवलंय. तिनं व्हिडिओवर बोलताना पडद्याचा फोटो काढून ठेवला होता."

पडद्यावर करवत्याचं तोंड होतं, बोट पुढं केलेलं, आणि कोपऱ्यातल्या छोट्या चौकटीत व्रण. आईनं मान फिरवली.

"हा जोडला की अधिकाऱ्याला बोलायला जागाच उरत नाही," एजंट म्हणाला. "असा पुरावा मी आजवर बघितला नाही."

"नाही जोडायचा," करवत्या म्हणाला.

"अहो, तिनंच पाठवलाय! ती म्हणते चालेल."

"बंद करा ते."

एजंटानं कपाळाला हात लावला आणि आईला म्हणाला, लावा सुनेला, सांगा काहीतरी. आईनं फोन लावला. पलीकडून सूनच जोरात बोलत होती; एवढं सगळं केलं आणि आता मागं का, म्हणून चिडली होती. आईनं ऐकून घेतलं आणि लेकाच्या कानाशी आली.

"म्हणते, जाऊ दे, मला काही वाटत नाही. इतके डॉक्टर बघून गेले, त्यात आणखी एक साहेब."

"तिला सांग," करवत्या म्हणाला, "मला वाटतं."

आईनं फोनमध्ये तेवढंच सांगितलं. पलीकडचा चढलेला आवाज खाली आला. मग सून काहीतरी बोलली आणि तिनं फोन ठेवला. एजंटानं चिडून फोटो पुसला, दाखला आणि जबाब तेवढे जोडले आणि दोघांना ऐकू जाईल अशा बेतानं पुटपुटला, की असं असेल तर माझ्याकडून कसलीही हमी नाही.

बटाटे निघाले, पण निम्मे कुजले. करवत्या मिळेल ते काम करू लागला. कुणाची लाकडं फोड, कुणाचा चर खण. ऑफिसकडून उत्तर नाही. एजंट आधी "चालू आहे" म्हणायचा, नंतर फोन उचलेना. रोज दुपारी बायको पुठ्ठा धरायची आणि तो ओरडून बोलायचा. कधी भांडण व्हायचं, कधी बोलायला काहीच नसायचं, तेव्हा ती जेवत बसायची आणि तो बघत बसायचा. आई बाहेर बसायची. सून तिच्याशीही बोलायची, पण आता आधी नवऱ्याशी आणि मग जमलं तर तिच्याशी.

पुन्हा लागवड आली. आई रानाच्या कडेला बेण्याचे बटाटे कापत बसली होती, प्रत्येक फोडीला एक तरी कोंब राहील असं. करवत्या पार पलीकडच्या टोकाला पाठमोरा सरी ओढत होता. फोन भलत्या वेळी वाजला.

"आई," सून म्हणाली, आणि पुढं तिला बोलताच येईना. "आई, झालं. मिळाला त्यांना व्हिसा."

"खरं?"

"खरंच. आत्ता कळवलंय. सांगा ना त्यांना, मला कामावर पळायचंय. तुम्हीच सांगा."

आणखीही ती काय काय बोलली. आईनं ऐकून घेतलं, फोन कमरेला खोचला. पाटीतला बटाटा उचलला, कापला. दुसरा उचलला. पलीकडं करवत्या कुदळ टाकून पाठ ताणत होता, पुन्हा वाकत होता. आजूबाजूच्या रानांत कुणी नव्हतं. हे तिच्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं, आणि तिनं सांगितल्याशिवाय त्याला कळणार नव्हतं. पाटी संपेपर्यंत ती कापत राहिली. मग विळी बाजूला ठेवली, गुडघ्यांवर हात रेटून उठली आणि ढेकळांतून चालत निघाली.

तिची सावली सरीत पडली तेव्हा त्यानं वर बघितलं. "बेणं संपलं?"

तिनं त्याच्या उजव्या कानाशी तोंड नेलं आणि सांगितलं. त्यानं कुदळ हळूच खाली ठेवली. त्यानं आभाळाकडे बघितलं, मग आईच्या ओठांकडे.

"आणखी काय म्हणाली?"

"एवढंच."

"आई."

आई वरंब्यावर बसली. त्यालाही तिनं शेजारी बसवलं, त्याचा उजवा कान आपल्याकडे येईल असा.

"रडत होती," ती मोठ्यानं म्हणाली. "हसतही होती. कामावर पळायचं म्हणाली, सायकलची साखळी पडलीय, चालत जावं लागणार. तुझ्यासाठी जाड कोट बघून ठेवलाय. कानाचं यंत्र मिळतं म्हणाली तिकडं, नाव घालणार आहे. मग म्हणाली, आई, तुमचं कसं करायचं?"

"मग? तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, माझं काय, मी आहे की इथं."

करवत्या तिच्या तोंडाकडे बघत राहिला.

"आणि खरं काय?"

आईनं हातातलं ढेकूळ चुरडलं. बोटांतून माती गळाली. मग त्याच्या कानाला लागून, एकदाच ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाली, "खरं म्हणजे, मला भीती वाटतेय."